शववाहिनीचा पंप

यंत्राला इच्छा नसते, हे सत्य मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकलो आणि आजवर त्यावरून ढळलेलो नाही. फक्त त्या मार्गशीर्षातल्या सकाळी मी एका शववाहिनीच्या मागे उभा राहून तिला हळूच हात जोडले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकीचेही तेच करत होते.

आबा इंगवल्यांना न्यायचं त्या सकाळी नदीवरून धुकं उठलेलं होतं आणि ते उन्हं वर आली तरी हटायला तयार नव्हतं. इंगवल्यांच्या दारात गाडी उभी होती. आत बायकांचं रडणं चालू होतं, आणि बाहेर नवजीवन सेवा मंडळाचे अध्यक्ष नाना चौगुले मयताच्या पाहुण्यांना गाडीचं ॲव्हरेज सांगत होते.

"पेट्रोलवर होती तेव्हा लिटरला पाच देत नव्हती," नाना म्हणाले. "आता बघा. हे आमचे देसाई. बी.एस्सी. आहेत. ह्यांनी अन् मुजावरनं डिझेल इंजिन बसवलं."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. सुतकातल्या माणसाला आणखी काय करता येतं?

एस.टी. स्टॉपसमोर माझं आणि दस्तगीर मुजावरचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिन तो बघायचा, पंप मी. मंडळाची शववाहिनी म्हणजे कुणीतरी दान दिलेली जुनी पेट्रोल व्हॅन. ती इतकं पेट्रोल प्यायची की एका आठवड्यात गावातली दोन माणसं गेली तर मंडळाला तातडीची सभा बोलवावी लागे. शेवटी नानांनी बंद पडलेल्या टॉकीजच्या जनरेटरचं इंजिन स्वस्तात उचललं आणि आमच्या दारात आणून टाकलं.

जनरेटरचं इंजिन जन्मभर एकाच वेगाने फिरतं. त्याच्या पंपाची शिकवणच तशी असते: वेग घटला की डिझेल वाढव, वेग वाढला की डिझेल तोड. त्याला ॲक्सिलरेटर म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मी त्या पंपाचं वेग सांभाळणारं गव्हर्नर खोललं, आतली स्प्रिंग बदलली, वजनं थोडी तासली, बाहेरून एक लिव्हर जोडला आणि टेस्ट बेंचवर बसवून त्याला हळू चालायला, पळायला आणि थांबायला शिकवलं. पंप शिकला. बेंचवर तर तो इतका शहाण्यासारखा वागला की मी दस्तगीरला चहा पाजला.

एक काम राहिलं होतं. इंजिन बंद करायचा खटका पंपावरच होता आणि तो ओढायची लांब केबल कोल्हापुरात मिळत नव्हती. इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली होतं. म्हणून गाडी थांबवायची असली की झाकण उचलून खटका हाताने ओढायला एक माणूस शेजारी बसवावा लागे. तो माणूस दस्तगीर.

"देसाई, केबल आण लवकर," तो म्हणायचा. "उभ्या जन्मात मी एवढे लोक पोचवलो नव्हतो. परवा आत्तार चाच्यांच्या दुकानात गेलो तर ते म्हणले, तू आज कुणाकडं आलायस ते आधी सांग."

आबा इंगवल्यांना मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ऐकत अशासाठी की त्यांना दमा होता, आणि त्यांचा खोकला गल्लीत त्यांच्याआधी पोचायचा. एक लांब ओढ, मग दोन तुटक ठसके, मग बारीक शिट्टी. शाळेत आम्ही त्याची नक्कल करायचो. पुढे तो गावाच्या आवाजांतला एक झाला. गिरणी, भोंगा आणि आबा.

त्यांचा थोरला मुलगा रंगराव विहिरीच्या कामावर असताना वारला तेव्हा त्याच्या बायकोला, मालन वहिनींना, मूलबाळ नव्हतं. आबांनी तिला माडीखालच्या दोन खोल्या दिल्या आणि आपलं जेवण तिच्याकडे लावलं. धाकटा बजरंग त्यावर काही बोलला नाही. आबांसमोर बोलायची त्याची पद्धत नव्हती. पण आबांचा श्वास थांबला त्याच संध्याकाळी त्याने सुताराला बोलावून त्या दोन खोल्यांची मापं घेतली. तिथे त्याला पशुखाद्याचं दुकान काढायचं होतं. सुताराने ही गोष्ट गुप्त ठेवली, म्हणजे फक्त ओळखीच्यांना सांगितली. सकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं की तेरावं झालं की मालन रस्त्यावर. माहेरी भाऊ होता, पण भावजय दारात उभं करून घेत नव्हती.

सगळ्यांना फार वाईट वाटत होतं. वाईट वाटायला खर्च येत नाही.

"बजरंगला कुणीतरी सांगायला पाहिजे," मी नानांना म्हणालो.

"घरचा मामला आहे, देसाई. आपण मंडळ म्हणून कसं पडायचं त्यात?" नाना म्हणाले, आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळले. "तर लिटरला अकरा म्हणत होतो."

आबांना गाडीत ठेवलं. एस.टी.तून निवृत्त झालेले हिंदुराव ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसले, शेजारी दस्तगीर, त्या दोघांच्या मधे झाकणाखाली माझा पंप. बजरंग मडकं धरून पुढे. मी, नाना आणि बाकीचे पुरुष मागून, त्यांच्यामागे बायका.

इंगवल्यांच्या दारातून जो चढ सुरू होतो तो थेट खिंडीपर्यंत. खिंडीपलीकडे नदी आणि स्मशान. चढाच्या मध्यावर, घर दिसत राहील एवढ्या अंतरावर, विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी टेकवायची, पाणी सोडायचं, तिरडीची तोंडं फिरवायची, म्हणजे गेलेल्याला परतीची वाट कळत नाही म्हणतात, आणि पुढे जायचं. बायका तिथून माघारी फिरतात. पूर्वी खांदे दुखायचे म्हणून विसावा. आता गाडी होती आणि गाडीचे खांदे दुखत नाहीत, पण दगड होता म्हणून थांबायचंच. शिवाय विसाव्याला यंत्राचा आवाज नको, असा मंडळाचा ठराव होता.

दस्तगीरने झाकण उचलून खटका ओढला. इंजिन गप्प झालं. धुक्यात पन्नासएक माणसं उभी होती आणि कुणाचंच तोंड नीट दिसत नव्हतं. तिरडी दगडावर टेकली, पाणी सोडलं, तिरडी फिरवून पुन्हा आत सरकवली. मागचं दार लागलं.

हिंदुरावांनी स्टार्टर मारला. टक् झालं. पुन्हा मारला. तेवढंही झालं नाही.

"बॅटरी उतरली," दस्तगीर खिडकीतून म्हणाला.

"सरका सगळे बाजूला," हिंदुराव म्हणाले. "उताराला जरा मागं सोडतो. धक्क्यानं चालू हुतीया."

लोक कडेला झाले. गाडी मागे घरंगळायला लागली, एक हिसका बसला, आणि इंजिन चालू झालं.

पण तो आवाज आमच्या इंजिनाचा नव्हता. मी ते इंजिन आठवडाभर रोज ऐकलं होतं. हे खोल, पोकळ, छातीतून आल्यासारखं होतं. एक लांब ओढ. दोन तुटक ठसके. मग कुठूनतरी बारीक शिट्टी.

बायकांतलं रडणं एकदम थांबलं.

हिंदुरावांनी ॲक्सिलरेटर दाबला असणार, कारण गाडीने जोर घेतला. मात्र ती चढाला लागली नाही, मागेच येत राहिली. कडेला उभे असलेले लोक आणखी कडेला गेले, काही ओढ्यात उतरले.

"अहो, पुढं घ्या की," नाना ओरडले.

"पुढचाच टाकलाय," आतून हिंदुरावांचा आवाज आला. तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. "पयला टाकला तरी मागं, दुसरा टाकला तरी मागं. नाना, ही ऐकंना."

गाडी खोकत खोकत, कुणी हाताला धरून नेल्यासारखी, आल्या वाटेने सरळ उलटी उतरत गेली आणि इंगवल्यांच्या जास्वंदीच्या कुंपणापाशी हिंदुरावांनी कसाबसा क्लच आणि ब्रेक दाबून धरला. मागचं दार घराच्या दाराकडे होतं. हिंदुरावांनी हँडब्रेक ओढला, गिअर काढला, खाली उतरले आणि गाडीपासून चालत इतके लांब गेले की ते परत येतील असं वाटेना.

इंजिन चालूच होतं. केबिनमधून पांढरा धूर निघत होता आणि पुढच्या पत्र्याच्या फटींतून काहीतरी काळं, दाट, थेंब थेंब रस्त्यावर पडत होतं.

सगळ्यात आधी बोलल्या त्या आबांच्या बहीण, अक्काताई. नव्वदीच्या असतील. त्या गाडीजवळ गेल्या, मागच्या दारावर हात ठेवला आणि सहज, शेजारच्याला विचारावं तसं विचारलं, "काय राहिलं रं दाद्या?"

गाडीने लांब ओढ घेतली आणि दोनदा ठसकली.

माझ्या मानेवर काटा आला. हा काटा शास्त्रीय नव्हता. मी हात जोडले ते तेव्हाच.

हात जोडताना मान खाली जाते, म्हणून मला ते दिसलं. वाटेवर उधळलेल्या लाह्या आणि झेंडूच्या पाकळ्या गाडीखाली हलत होत्या. वारा नव्हता, धुकं जागचं हलत नव्हतं. तरी एक पाकळी सरपटत सायलेन्सरच्या नळीपाशी गेली, थरथरली आणि आत ओढली गेली. तिच्यामागून दुसरी. मग लाह्या. मी खाली बसलो आणि तळहात नळीच्या तोंडाशी धरला. नळी गार होती. ती माझा हात आत ओढत होती. सायलेन्सर श्वास घेत होता.

मी एकदा नळीकडे, एकदा पुढच्या धुराकडे बघितलं. मग उठून केबिनपाशी गेलो. धुरात दस्तगीर डोळ्यांपर्यंत टॉवेल गुंडाळून बसला होता. एवढ्या सगळ्यांत जागा न सोडलेला तो एकटाच. झाकण उघडं होतं, त्याचा हात पंपाच्या खटक्यावर होता.

"बंद करू?" त्याने टॉवेलातून विचारलं.

मागे बजरंग मडकं धरून उभा होता. मडक्यातला विस्तव केव्हाच विझला असावा. त्याचं तोंड मैद्यासारखं झालं होतं, आणि लोक गाडीकडून हळूहळू त्याच्याकडे वळत होते.

"थांब," मी दस्तगीरला म्हणालो.

"धुरात जीव जायला लागलाय माझा."

"थांब जरा."

नानांनी सूत्रं हातात घेतली. कुठल्याही जमावाची सूत्रं ते आपोआप हातात घेत. "बजरंग," ते म्हणाले, "आबांच्या मनात काहीतरी राहिलंय. मोकळं बोल. शब्द दे त्यांना."

"काय बोलू?" बजरंग म्हणाला.

"दहाव्याला कावळा शिवंना झाला की आपण बोलतो का न्हाई? तसं बोल. हे जरा लवकर आलंय, एवढंच."

बजरंगने घसा साफ केला. "आबा, बैलजोडी इकणार न्हाई."

ओढ. ठसका, ठसका. शिट्टी.

"ते न्हवं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"आबा, तुमच्या पाटाच्या पाण्याची पाळी..."

"शेजाऱ्याची पाळी सोडा म्हणत हुते आबा," शेजारी पुढे होऊन म्हणाला. "माझ्याजवळ बोलल्यात."

"कधी बोलले?"

"कालच्याला."

"काल तर बोलत न्हवते ते."

"खुणेनं बोलले."

बजरंगने पाण्याची पाळी सोडली. गाडी खोकतच होती. मग नानांनी आठवण करून दिली की देवळाच्या सभामंडपाचा पत्रा हा आबांचा जिव्हाळ्याचा विषय होता. नाना देवस्थान कमिटीचेही अध्यक्ष होते. बजरंगने पत्रा कबूल केला. मग कुणाला तालमीच्या तांबड्या मातीची आठवण झाली, कुणाला बांधावरच्या आंब्याची. आबा हयातीत इतके उदार कधीच नव्हते. प्रत्येक शब्दानंतर लोक गाडीकडे कान देत आणि गाडी तेच उत्तर देई.

दस्तगीर खिडकीतून डोकं बाहेर काढून ठसकला. त्याचा ठसका आबांच्या ठसक्यात मिसळला, तशा दोन बायका मटकन खाली बसल्या.

"देसाई," तो हळूच म्हणाला, "आता त्येच्यासंगं मला पण न्यावं लागंल."

तेव्हा अक्काताई बोलल्या. दारावरचा हात त्यांनी काढला नव्हता. "पत्रं आन् माती काय मागालायसा? त्येच्या ताटात रोज कोण वाढत हुतं? तिचं बोला की कुणीतरी."

सगळ्यांची तोंडं मालन वहिनींकडे वळली. त्या बायकांच्या मागे, कुंपणाला टेकून उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. गाडीकडे बघत होत्या, कपाळाला एक आठी घालून, जसं एखादी बाई उतू जाणाऱ्या दुधाकडे बघते.

बजरंगने खाली बघितलं. मला वाटतं त्याला ते पहिल्यापासून माहीत होतं. बैलांपासून सुरू केलं ते वळसा घालायला. इंजिन ठसकलं. काळ्या थेंबांचं रस्त्यावर थारोळं झालं होतं. ते हळूहळू बजरंगच्या अनवाणी पायाकडे यायला लागलं, कारण तो उताराला उभा होता. त्याने पाय मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा घ्यावा लागला.

"वैनी," तो म्हणाला. "वैनी ह्या घरातनं जाणार न्हाईत. आबा, त्या दोन खोल्या त्यांच्याच. मी जिता हाय तवर त्यास्नी कोण जावा म्हणणार न्हाई. ह्या पन्नास माणसांदेखत शब्द देतो."

इंजिन बंद पडलं.

नदीचं पाणी ऐकू येत होतं, खिंडीपलीकडचं. मग अक्काताईंनी दारावरून हात काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "जा आता."

चौघांनी गाडी ढकलली. पहिल्याच धक्क्याला चालू झाली, आमच्या नेहमीच्या आवाजात, आणि विसाव्याच्या दगडापाशी न थांबता सरळ खिंड चढून गेली.

संध्याकाळी आंघोळ करून दुकानात आलो तर दस्तगीर पंप काढून बेंचवर ठेवून बसला होता.

"सांग," तो म्हणाला. "तुझ्या शिक्षणात कुठं बसतंय ते सांग. न्हाईतर मी उद्यापासनं चपलांचं दुकान काढतो."

मी पंपाचं खालचं झाकण खोललं आणि त्याला आतला दांडा दाखवला. त्या दांड्यावर उंचवटे असतात. दांडा फिरतो, उंचवटा वर ढकलतो आणि डिझेल सुटतं. गाडीच्या पंपात बऱ्याचदा उंचवट्याची एक बाजू मुद्दाम वेगळी घडवतात, म्हणजे गाडी चढावर मागे घसरून इंजिन उलटं फिरलंच, तर डिझेल भलत्या वेळी सुटावं आणि इंजिन धरू नये. जनरेटरच्या पंपात ती सोय नव्हती. जनरेटर सिमेंटच्या चौथऱ्यावर बसलेला असतो, तो चढावर मागे घसरत नाही. दोन्ही बाजू सारख्याच. मी त्या पंपाचं सगळं बदललं होतं, हा दांडा सोडून.

"हिंदुरावांनी मागं सोडताना रिव्हर्स टाकायचा," मी म्हणालो. "गडबडीत पहिला पडला. पेट्रोलवर नुसता हिसका बसून राहिला असता. हे डिझेल, उलटं फिरलं आणि उलटंच चालू झालं. सायलेन्सरमधून हवा आत, हवा गाळायच्या एअर क्लीनरमधून धूर बाहेर. एअर क्लीनरमधलं तेल बाहेर फेकलं गेलं, ते थेंब. उलटं चाललं की पुढचे सगळे गिअर मागे नेतात. हिंदुरावांनी रिव्हर्स टाकून बघितला असता तर गाडी आबांना घेऊन सरळ पुढे गेली असती."

दस्तगीरने बराच वेळ दांडा बोटाने फिरवून बघितला. "आन् खोकला?"

"उलटं इंजिन खोकल्यासारखंच वाजणार."

"शिट्टी?"

"एअर क्लीनरची."

"मंजे तुला तिथंच कळलं हुतं. नळीत हात घातलास तवा."

"हो."

"आन् मला धुरात बसवलास."

"बजरंग बोलायची वाट बघत होतो. एरवी तो बोलला असता का?"

दस्तगीर हसला. हसताना अजून त्याला ठसका येत होता. "बामणाला असली अक्कल असती व्हय," असं काहीसं तो म्हणाला. मी देसाई असलो तरी ब्राह्मण नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. पण कौतुक करताना तो तपशिलात शिरत नसे.

"तू मात्र बरोबर वेळ साधलीस," मी म्हणालो. "त्याचा शब्द पुरा झाला आणि लगेच खटका ओढलास."

दस्तगीरचं हसणं ओसरलं. "मी कुठं ओढला?"

"मग कोणी?"

"तू थांब म्हणालास. मी हात वर घेतला हुता, डोळे पुसत हुतो. मला वाटलं तूच खालनं काय केलास."

आम्ही दोघांनी पंपाकडे बघितलं. उलटं फिरताना ऑइल पंपही उलटा फिरतो, इंजिनाला तेल मिळत नाही, ते कधीतरी बंद पडणारच, असं मी म्हणालो. ते खरं आहे. कधीतरी. बेअरिंगा मी दुसऱ्या दिवशी खोलून बघितल्या. त्यांना ओरखडासुद्धा नव्हता.

पंप बदलून घ्या, असं मी नानांना सुचवलं. नाना म्हणाले, "बदलायचा कशाला? गाडी जागृत आहे." मंडळाने त्याऐवजी विसाव्याचा दगड चढावरून उचलून सपाटीला नेऊन ठेवला. शेजारच्या गावांतून गाडीला मागणी आली. ज्या घरांत भाऊबंदकी होती त्यांनी मात्र पुन्हा खांद्यावरून न्यायला सुरुवात केली.

आबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दुकानासमोर, एस.टी. स्टॉपवर, मालन वहिनी ट्रंक घेऊन उभ्या दिसल्या. त्यांच्या पाठोपाठ बजरंग, टोपी हातात घेऊन.

"वैनी, माझं ऐका. घर तुमचंच हाय."

"हाय की. मी कुठं न्हाई म्हणालेय?"

"खोलीला रंग काढून देतो. तिसरी खोली पण घ्या."

"मला काय करायची तिसरी खोली?"

"तुमी गेलासा आन् आबा माघारी आले तर मी काय सांगू त्यास्नी?" बजरंग म्हणाला. ज्या बाईला बाहेर काढायला त्याने सुतार आणला होता, तिच्या ट्रंकेची कडी तो दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"सांगा, मिरजंला गेलीया," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी इकडे बघितलं, ट्रंक तिथेच बजरंगच्या ताब्यात ठेवली आणि रस्ता ओलांडून दुकानात आल्या. दस्तगीरने उठून स्टूल पुसून दिलं.

"देसाई, एक इचारायचं हुतं," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. तुमी शिकलेले हाईसा. त्या दिवशी गाडी कशानं माघारी आली?"

मी दस्तगीरकडे बघितलं. तो नोझल पुसत होता, पुसलेलंच पुन्हा. मी त्यांना खरं सांगितलं, दांडा, उंचवटे, चुकलेला गिअर, सगळं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"मंजे आबा न्हवतं ते."

"नव्हते."

"शब्द मागायला आलं न्हवतं."

"नाही."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की स्टूल करकरलं. "बरं झालं बाई. तेरा दिवस डोळ्याला डोळा न्हाई. म्हटलं, आबा असं कसं उलटलं? जित्तेपणी एक सांगितलं आन् मेल्यावर गाडी घेऊन माघारी आलं."

"जितेपणी काय सांगितलं होतं?"

"जा म्हणून."

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, तो मी खाली ठेवला.

"मिरजंला दवाखान्याच्या होस्टेलात पोरींचा सैपाक बघायचा. ऱ्हायला खोली हाय. मी नगं म्हणत हुते तर आबाच माझ्यावर खवळले. म्हणले, मी गेल्यावर ह्या घरात एक दिस ऱ्हाऊ नगंस, तेरावं झालं की गाडी धर." त्या उठल्या. "आन् मग गाडी आली ती तशी. मला काय करावं तेच कळंना झालं."

मिरजेची एस.टी. लागली. बजरंगने कडी सोडली नाही म्हणून दस्तगीरला जाऊन त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ट्रंक टपावर चढली. वहिनींना खिडकीची जागा मिळाली.

होस्टेलातली ती नोकरी, मागाहून कळलं, आबांनी स्वतः जाऊन ठरवून ठेवली होती.